न तापवलेली मूस

८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रकृती ठीक. गुडघा दुखतो, त्याची नोंद रोज करण्याचे कारण नाही.

चि. विनायक (पुढे नुसते वि. लिहीन) संध्याकाळी कामावरून आला तो उभ्या उभ्याच म्हणाला, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यात मालगाड्यांसाठी जी नवी सायडिंग पडत आहे, तेथे रुळांचा पहिला सांधा उद्या त्याच्या हातून व्हायचा आहे. कंत्राटदाराने त्यास मुख्य वेल्डर नेमले. नारळ मी फोडावा, अशी त्याची इच्छा. विचारले, बाहेरच्या माणसास आत घेतात काय? म्हणाला, गेटवरचा माणूस ओळखीचा आहे, पास लागणार नाही. हे मला रुचले नाही. रेल्वेच्या नोकरीत मी पासाशिवाय एकही माणूस सांध्याजवळ उभा राहू दिला नाही. तरीही उद्या जाणार आहे. जावेसे वाटते, हे खरे कारण.

सदर बाजारातून नारळ, विड्याची पाने, हळदकुंकू आणले. दुचाक्यांमुळे तेथे आता पायी चालणे कठीण. पहिले दोन नारळ परत केले. तिसरा कानाशी हलवून पाहिला; पाणी भरपूर.

सौ. म्हणाली, "पोट्ट्याचं काम हाये, तुमचं नाई. नारळ फोडजा अन् बाजूले होजा. तिथं शिकवत बसू नोका."

धोतर व पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला.

९ नोव्हेंबर, शनिवार

सांधा उडाला. वि. भाजला. डोळे.

समता कॉलोनीतील रुग्णालयात आहोत. आज लिहिणे होत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

घडले ते क्रमाने लिहितो. आमच्या कामात क्रम हाच सर्व काही असतो.

रुळांची दोन टोके, मध्ये बोटभर फट. फटीभोवती साचा बसवला. साच्याच्या कडा वाळूने लिंपण्याचे काम खेमलाल साहूचे. हा वि.चा जोडीदार, पुष्कळ वर्षे बरोबर आहे, हात स्वच्छ. साच्यावर मूस ठेवतात, म्हणजे ज्या भांड्यात लोखंड तयार होते ते. आमच्या वेळी मूस लोखंडी कवचाची असे, आतून भाजक्या मातीचा जाड थर. तीच महिनोन्महिने चाले, आणि आम्ही तिला जपत असू. हल्ली एकदा वापरून फेकण्याची मूस येते. सीलबंद खोक्यातून काढली तेव्हा ती फुलदाणीएवढी दिसली. मला हसू आले.

रुळावर नारळ फोडला. पाणी वाटीत धरले. विड्याचे पान बुडवून रुळावर, साच्यावर व मुसेत शिंपडले. नोकरीच्या सर्व वर्षांत प्रत्येक हंगामाच्या पहिल्या सांध्याला मी असेच केले आहे. वि. पाया पडला. खेमलाल पडला. मग बाकीचेही पडले. फार समाधान वाटले.

त्यानंतर साच्यात बर्नर धरून रुळांची टोके लाल केली. मुसेत पोर्शन ओतला. पोर्शन म्हणजे पिशवीतले तयार मिश्रण: लोखंडाच्या गंजाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची भुकटी. मूस साच्यावर बसवली. माझ्या लक्षात आले की, मूस कोणी तापवलीच नाही. आमच्या वेळी पोर्शन ओतण्यापूर्वी मूस आतून लाल होईपर्यंत बर्नरने तापवीत. शब्द तोंडाशी आला होता. सौ.चे बोलणे आठवले, म्हणून बाजूस झालो.

फुलबाजी, म्हणजे पोर्शन पेटवण्याची कांडी, पेटवून आत खोचली. एरवी पोर्शन गुरगुरतो, पांढरा होतो, मग शांत होऊन लोखंड आपोआप खाली साच्यात उतरते. डोळे मिटूनही मी कानांनी सांगू शकतो की कोणता टप्पा चालू आहे. काल गुरगुरणे अर्धवट राहिले आणि सगळे वर आले. वि. सर्वांत जवळ होता. निळा चष्मा होता. कडेने तापले लोखंड आत गेले. डावा हातही भाजला.

तो ओरडला नाही. मला वाटले, ओरडला नाही म्हणजे फारसे

संध्याकाळी सौ.ला दोन वेळा सांगितले की, मूस तापवली असती तर हे झाले नसते. हल्लीच्या लोकांना घाई असते, एक पायरी गाळतात. ती म्हणाली, "मंग आता काय, जाऊन तापवता काय तिथं?"

११ नोव्हेंबर, सोमवार

डॉ. सकाळी येऊन गेले. सूनबाई रेखाने बाहेर येऊन सांगितले. ती रायपूरचीच, मराठी समजते, बोलते हिंदी. "बाबूजी, बाईं आँख का तो उन्होंने कुछ बोला ही नहीं। जो बोले, दाईं का बोले।" असे म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला खुर्ची दिली. दुसरे काय देणार.

उजव्या डोळ्यावर पट्टी राहील. उघडल्यावरच कळेल.

नर्सने सुई देण्यापूर्वी वि.च्या उजव्या दंडाला स्पिरिट लावले. तो म्हणाला, थंड लागते. हेच मला प्रशिक्षणात शिकवले होते. वर्गात बाकी सर्व मॅट्रिक; मी एकटा चौथी उत्तीर्ण. शिकवणारे साहेब म्हणाले, स्पिरिट उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जाते, म्हणून थंड लागते. आपल्या पोर्शनचे उलट आहे. ॲल्युमिनियमला प्राणवायूची ओढ लोखंडाहून अधिक. ते गंजातून तो खेचून घेते, आणि त्या खेचाखेचीत एवढी उष्णता बाहेर टाकते की, लोखंडाचे पाणी होते. बाहेरून कोळसा नको, वीज नको. पुढे वि. अकरावीत गेला तेव्हा त्याच्या हिंदी पुस्तकात हेच निघाले. पोर्शनसारख्यास ऊष्माक्षेपी म्हणतात, स्पिरिटसारख्यास ऊष्माशोषी. तो पाठ म्हणे, मी समोर बसून ऐके. चुकला की पुन्हा आरंभापासून म्हणायला लावीत असे.

दुपारी कंत्राटदाराचे सुरक्षा अधिकारी येऊन गेले. तरुण, नम्र गृहस्थ. सांध्याच्या वेळी मी तेथे हजर होतो हे त्यांस ठाऊक नाही. मी जुना वेल्डर आहे, एवढे कोणी सांगितले असावे. म्हणाले, "चाचाजी, आप तो पुराने आदमी हैं। आपको क्या लगता है?"

विचारले, ते बरे वाटले. मी सांगितले: ओलावा. पेटलेल्या पोर्शनमध्ये पाण्याचा अंश सापडला की, ते पाणी उष्णता घेऊन तत्क्षणी वाफ होते. वाफेस जागा पुरत नाही. ती सगळे वर फेकते. ओलाव्याशिवाय असे होत नाही. साच्याला वाळू कोणी लिंपली ते पाहा.

त्यांनी मोबाइलमध्ये उतरवून घेतले, मान लववली.

मूस तापवली नव्हती हे बोललो नाही. मुसेची जबाबदारी मुख्य वेल्डरची असते, म्हणजे वि.ची.

१३ नोव्हेंबर, बुधवार

खेमलालला कामावरून काढले. ओल्या वाळूने साचा लिंपला, असे कारण. कोणत्याही सायडिंगवर त्यास पुन्हा घेऊ नये, अशी शिफारस अहवालात होणार, असे ऐकतो. वि.ने हे ऐकून तोंड भिंतीकडे केले. वेदना होत असतील.

देवापुढे त्या नारळाची दोन भकले तशीच आहेत, कडेने सुकत चालली. सौ. टाकू देत नाही. खातही नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

खेमलाल घरी आला. खुर्ची दिली तरी ओट्याच्या पायरीवरच बसला. वि.ची चौकशी केली. मग म्हणाला, "बाबूजी, रेती सुक्खा रिहिस."

मी जरा कडक स्वरात म्हणालो की, वाळू कोरडी असेल, परंतु मूस तापवली नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. तुम्ही दोघांनी ती पायरी गाळली. तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "ओ मूस ला हमन नइ तिपोवन, बाबूजी. सीलबंद आथे. सुक्खा."

ही मूस तापवायचीच नसते. कारखान्यातून वाळवून, सीलबंद करून येते. खोक्यावर एवढेच लिहिलेले असते की, पाणी लागू देऊ नये. तापवणे बंद होऊन बराच काळ झाला. हे त्याने हळूहळू, मला राग येऊ नये अशा बेताने सांगितले.

मी विचारले, मग ओलावा आला कोठून?

तो जमिनीकडे पाहू लागला.

इतक्यात सौ. चहा घेऊन आली. आल्यागेल्यास रिकामे पाठवू नये म्हणून तिने देवापुढच्या भकलाचा तुकडा बशीत ठेवला होता. "पर्साद हाये रे, घे." खेमलालने तुकडा उचलून कपाळाला लावला. तोंडात घातला नाही. गमछ्याच्या टोकात बांधला. गाठ मारायला त्यास फार वेळ लागला. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो.

चहा तसाच ठेवून गेला. जाताना पाया पडला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून एकच गोष्ट मांडतो आहे. निराळी मांडून पाहतो, पुन्हा तेथेच येते.

रुळावर शिंपडले: रूळ पुढे लाल केले, पाणी उडाले. साच्यावर शिंपडले: बर्नर साच्यातच धरला होता, पाणी उडाले. मुसेत शिंपडले: मूस तापवली नाही.

आमच्या वेळीही शिंपडत होतो. तेव्हा त्यानंतर मूस तापवली जाई, आणि पाण्याचा थेंबही उरत नसे. इतकी वर्षे एकही सांधा उडाला नाही. मी ही देवाची कृपा समजत होतो. ती बर्नरची होती.

कोरडी, सीलबंद मूस. तीत पाणी एकाच माणसाने घातले. कानाशी हलवून, भरपूर पाण्याचा निवडून घेतलेल्या नारळाचे.

आणि अधिकाऱ्यास ओलाव्याचा धडा मीच दिला.

जेवण गेले नाही. सौ.ने विचारले, काहून? पित्त, असे सांगितले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दाढी करून रुग्णालयात गेलो. रेखाला औषधे आणण्यास पाठवले. वि.च्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डावा हात बांधलेला. मी आल्याचे त्याने खोकल्यावरून ओळखले.

मी म्हणालो, तुला एक सांगायचे आहे. मुसेविषयी.

"मले माईत हाये, बाबा."

काय माहीत आहे?

"पान बुडवलं तवाच पाहिलं मी."

मग का नाही थांबवले? माझा हात का नाही धरलास?

हसल्यासारखा आवाज आला. पट्टीमुळे हसला की नाही ते कळत नाही.

"तुमचा हात? तुमचा हात आजपर्यंत कोणी धरला काय, बाबा? आईनं धरला? सारे लोक पाहून राहिले होते. मी म्हटलं, दोन थेंब तं हायेत, सुकून जाईन."

तो पुढे म्हणाला, "दुसरी मूस होती खोक्यात. काढाले पाहिजे होती. पण तुमी आशीर्वाद देल्ली मूस सगळ्यायच्या समोर बाजूले ठेवू? माह्यानं नाई झालं."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हवापाण्याचे बोलावे तसे सांगितले. शब्दशः लिहून ठेवले आहे.

मी म्हणालो, अधिकाऱ्यास सर्व सांगतो, आजच. त्यावर तो उठून बसू लागला. नळी ताणली गेली. म्हणाला, नका सांगू. तुम्ही बोललात की पासाचा प्रश्न निघेल. पासाशिवाय आत कोणी घेतले? मी. पाणी दिसूनही पोर्शन कोणी ओतला? मी. मग माझे प्रमाणपत्र रद्द होईल, कायमचे. "एक डोळा वाचला तं मी एका डोळ्यानं सांधा करीन. मले हेच येते. तुमी हेच शिकवलं."

आणि खेमलाल?

"बरा झालो की पाहीन त्याचं काई तरी."

कधी?

तोंड भिंतीकडे केले. आता कळले, बुधवारी का केले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

कार्यालय बंद. दिवस जात नाही.

सौ.ला सर्व सांगितले. ती भाजी निवडत होती. निवडणे थांबवले नाही. एवढेच म्हणाली, "म्या म्हटलं होतं, नारळ फोडा अन् बाजूले व्हा." मग बऱ्याच वेळाने: "नारळ फोडा, हे बी म्याच म्हटलं होतं." मी म्हणालो, त्यात तुझा काय दोष. तिने ऐकले नाही, किंवा ऐकून सोडले.

संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, खेमलालच्या मुलीच्या बारशाला ती गेली होती; आता त्या घरात कोणते तोंड घेऊन जायचे? पुन्हा म्हणाली, पोराजवळ एका डोळ्याचे काम तेवढे शिल्लक आहे, तेही तुम्ही घालवाल. दोन्ही वाक्ये तिचीच, आणि दोन्ही खरी. मी कोणत्या वाक्याप्रमाणे वागावे, हे तिने सांगितले नाही. विचारले असता म्हणाली, "आजवर कोणाले इचारून केलं तुमी?"

तिने भकले देवापुढून उचलली आणि पदरात बांधून बाहेर गेली. कोठे टाकली, विचारले नाही.

आयुष्यात मला अमुक करावे की तमुक, असा प्रश्न फार वेळा पडला नाही. नियम असे, नियमाप्रमाणे करीत असे. या गोष्टीस नियम आहे. तो पाळला तर माझा मुलगा बुडतो. मोडला तर दुसऱ्याचा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सिलतऱ्यास गेलो. वि.स न सांगता. खरे बोलायचे, एवढे ठरवले होते; वि.चे नाव न घेता कसे बोलायचे, ते वाटेत ठरवीन असे म्हटले होते. बस संपली, ते ठरले नाही.

गेटवर तोच माणूस. त्या शनिवारी त्याने हसून, "आइए बाबूजी, पूजा करवाइए," म्हणत आत सोडले होते. आज म्हणाला, पास. मी म्हणालो, सुरक्षा अधिकाऱ्यांस भेटायचे आहे, त्या सांध्याविषयी. मी हजर होतो, तूच मला आत सोडलेस. त्याने इकडे तिकडे पाहिले. "कौन सी पूजा, चाचा? मैं तो आपको पहली बार देख रहा हूँ।" आवाज हळू होता. डोळ्यांत विनवणी होती. त्याचीही नोकरी आहे, हे माझ्या ध्यानात आलेच नव्हते. मी बोललो तर वि.बरोबर हाही बुडणार.

मी रागावलो नाही. बाजूला उभा राहिलो. कारखान्याची काळी भुकटी हवेतून उतरत होती, सदऱ्यावर बसली. ट्रकवाल्यांनी दोनदा बाजूला हो म्हटले. नोकरीत असतो तर या गेटाने मला सलाम केला असता, असा विचार आला, आणि त्याची लाज वाटली.

अखेर आतून निरोप आला: अधिकारी बाहेरगावी आहेत. बुधवारी रुग्णालयात येऊन विनायक यांचा जबाब घेतील, मग अहवाल पूर्ण होईल. तेव्हा भेटा.

घरी येऊन सदरा स्वतः धुतला. डाग गेले नाहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खेमलालची पत्नी दुलारी रुग्णालयात आली. वि.साठी डब्यात फरा आणला होता, तांदळाच्या पिठाचा, वाफवलेला. वि.ने पहिल्यांदाच पोटभर खाल्ले. ती भरवीत होती. रेखा म्हणाली, दीदी, मैं खिलाती हूँ. तरी ती भरवीत राहिली. वि. कोणाच्या हातचे खातो आहे हे त्यास माहीत होते. 

निघताना दुलारी मला व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "बाबूजी, तुमन तो उहाँ रहेव ना? देखेव ना, रेती सुक्खा रिहिस?"

मी म्हणालो, हो. कोरडी होती.

"त तुमन बोल देहू." डबा पदराखाली धरला. "तुम्हर बात ला कोनो नइ काटय."

तुम्ही सांगून टाका, तुमचे बोलणे कोणी खोडून काढणार नाही, असे ती म्हणाली. तिला नारळाचे माहीत नाही. खेमलालने घरातही सांगितलेले नाही. ज्याला कामावरून काढले, तो माझी लाज राखून बसला आहे. आणि मी त्यास मूस तापवण्यावरून बोल लावला होता.

वाळू कोरडी होती एवढेच सांगावे, असा विचार आला. परंतु त्यावर ते विचारणार: मग पाणी कोठून आले? आणि मी उत्तर टाळले तर ते माझ्यावर संशय घेतील. उत्तर दिले तर वि.ला धरतील. अर्धे खरे मला कधी बोलता आले नाही. तो गुण समजत होतो.

देवाजवळ काही मागितले नाही. नारळावाचून मागण्याची सवय नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी डॉ.नी उजव्या डोळ्याची पट्टी काढली. आम्ही सर्व होतो. खोलीचा पडदा ओढलेला. डॉ.नी बोटे धरली, किती ते विचारले. वि. म्हणाला, उजेड आहे. बोटे? म्हणाला, उजेड आहे. डॉ. म्हणाले, घाई नको, सूज उतरू द्या, आज काही सांगता येत नाही. पुन्हा पट्टी बांधली. रेखा प्रत्येकाला सांगत होती, उजाला दिखा, उजाला दिखा. सौ.ने तिचे डोके मांडीवर घेतले.

वि. मला जवळ बोलावून म्हणाला, खिडकी डाव्या हाताला आहे ना? मी म्हणालो, हो. तेवढे दिसले, म्हणाला.

आता दुपार. सौ. व रेखा बाहेर बाकावर आहेत. मी वि.जवळ खुर्चीवर, डायरी गुडघ्यावर. मघाशी रेखा येऊन सांगून गेली, अधिकारी खाली आले आहेत, डॉ.शी बोलत आहेत, मग वर येतील. खेमलालही आला आहे म्हणे. त्यास कोणी बोलावले नाही. जिन्याच्या खाली उभा आहे.

मी काय बोलणार, ते वि.ने विचारले नाही. मी सांगितलेही नाही. मला स्वतःला अजून

त्याने चाचपत माझा डावा हात शोधला आणि मनगटाशी धरला. घट्ट. त्याचा हात ऊन आहे, ताप असावा. भाजलेला नव्हे, चांगला हात; त्यात जुने बळ आहे.

"बाबा," एवढेच म्हणाला.

त्या दिवशी माझा हात त्यास धरवला नाही. आज धरून बसला आहे, आणि मी सोडवून घेतलेला नाही. उजव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे येते.

जिन्यावर बुटांचा आवाज. एकाचे बूट, मागून कोणाच्या तरी चपला; खेमलालला वर येऊ दिले असावे. मोठा माणूस खोलीत येतो तेव्हा मी बसून राहत नाही, हे वि.ला ठाऊक आहे. उभे राहावे लागेल. उभे राहायचे तर त्याचा हात